‘नाशिकमध्ये मनोरुग्ण वाढले’ असं वाचलंत तर

आधी बघा, मोजलंय काय. जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीतली नोंद म्हणजे आजाराचं प्रमाण नव्हे. समजा, महिन्याला 40 रुग्ण येत होते, आता 60 येतात. बातमी होते ‘50 टक्के वाढ’. पण मधल्या काळात नवा डॉक्टर आला असेल, ओपीडीचे दिवस वाढले असतील, किंवा लोकांची लाज जरा कमी झाली असेल. ही तर चांगली गोष्ट! म्हणून टक्क्यामागचा मूळ आकडा आणि आधीचं वर्ष विचाराच. तुलनेचं वर्ष 2020 असेल तर जास्तच सावध व्हा. लॉकडाऊनमुळे तेव्हा ओपीड्याच ओस होत्या.

दुसरी गफलत प्रश्नावलीची. पीएचक्यू-9 या नैराश्य चाचपणाऱ्या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल 9 प्रश्न असतात, गुण 27 पैकी. 10 किंवा जास्त आले की पुढे तपासणी करायची, एवढाच अर्थ. निदान मुलाखतीतूनच होतं. कॉलेज रोडवर मुलांकडून ऑनलाइन फॉर्म भरून घेतला, तर बहुतेक त्रास असलेलेच तो भरणार.

निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेचं 2015-16 चं राष्ट्रीय सर्वेक्षण घरोघरी मुलाखती घेऊन झालं. प्रौढांमध्ये त्या वेळी आजार असलेले 10.6 टक्के, आयुष्यात कधीतरी झालेले 13.7. बातमीदार हे दोन आकडे सर्रास एकमेकांत मिसळतात. शिवाय हे सर्वेक्षण ज्या 12 राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हताच, तेव्हा तो आकडा नाशिकच्या लोकसंख्येला गुणून कुणी ‘रुग्णसंख्या’ काढली, तर ती सोडून द्या.

आत्महत्यांची तुलना दर लाख लोकसंख्येमागेच करा.