बेसबॉलमध्ये सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा, आणली तर श्रीमंत आणि गरीब संघांतली दरी मिटेल का?

प्रश्नातल्या ‘गरीब संघ’ या शब्दांमुळे हे उत्तर लिहायला बसलो. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी पिट्सबर्गमध्ये राहतो आणि तेव्हापासून इथल्या पायरेट्स या बेसबॉल संघाचा चाहता आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ हिशेबाचा नाही.

1993 ते 2012 असे सलग 20 हंगाम आमच्या संघाने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त होते. त्यानंतर 1 ऑक्टोबर 2013 ची रात्र उजाडली. सिनसिनाटी रेड्सविरुद्धचा तो एकच सामना होता. जिंकला तर पुढे, हरला तर हंगाम संपला. आमचे मैदान, संपूर्ण पीएनसी पार्क, काळ्या कपड्यांत होते. माझा नऊ वर्षांचा मुलगा आमचा तरुण पिचर (चेंडू टाकणारा) गेरिट कोल याचा 45 क्रमांकाचा शर्ट घालून खुर्चीवर उभा होता, कारण खाली उभे राहून त्याला काहीच दिसत नव्हते. दुसऱ्या इनिंगमध्ये प्रेक्षकांनी रेड्सचा पिचर जॉनी क्वेटो याच्या नावाचा लांबलचक सूर धरला, त्या गदारोळात चेंडू त्याच्या हातातून निसटून खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर आमच्या रसेल मार्टिनने होमरन, म्हणजे चेंडू थेट सीमेपलीकडे, मारला. शेजारच्या अनोळखी वृद्ध गृहस्थांनी माझ्या मुलाला उचलून घेतले आणि ते अक्षरशः रडत होते. आम्ही 6-2 ने जिंकलो.

त्याच रात्री न्यू जर्सीहून माझ्या भाऊजींचा, म्हणजे ताईच्या यजमानांचा, फोन आला. ते न्यू यॉर्कच्या यांकीज या श्रीमंत संघाचे जुने चाहते. अभिनंदन करून ते म्हणाले, “बघ, पैसा लागत नाही, डोकं लागतं. मग आमच्या संघाच्या कमाईतला वाटा तुम्हाला कशाला द्यायचा?” त्या आनंदात मी काही बोललो नाही, पण तो वाद आमच्यात आजही चालू आहे.

डोके लागते हे खरेच आहे, परंतु डोक्याने मिळवलेले टिकवायला पैसाच लागतो. कोलला पायरेट्सने 2011 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडले होते. मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या सामूहिक करारानुसार खेळाडूची सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की तो मुक्त होतो आणि वाटेल त्या संघाशी बोलणी करू शकतो, म्हणून ती वेळ जवळ येताच लहान संघ त्याला विकून बदल्यात चार तरुण पदरात पाडून घेतात. जानेवारी 2018 मध्ये कोल असाच ह्यूस्टनच्या संघाकडे गेला, आणि डिसेंबर 2019 मध्ये यांकीजने त्याच्याशी नऊ वर्षांचा 32.4 कोटी डॉलरचा करार केला. पुढच्या वेळी आम्ही ताईकडे गेलो तेव्हा भाऊजींच्या अंगावर तोच 45 क्रमांक होता, फक्त रंग वेगळा.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. दरीचे मूळ पगारात नसून स्थानिक टीव्हीच्या पैशात आहे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये टीव्हीचा जवळजवळ सगळा पैसा देशपातळीवर येतो आणि सारखा वाटला जातो. बेसबॉलमध्ये मात्र प्रत्येक संघ आपल्या शहरापुरता वेगळा सौदा करतो. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचा 2013 चा सौदा 25 वर्षांसाठी 835 कोटी डॉलरचा होता. पिट्सबर्गसारख्या शहरात असा सौदा कोण करणार? यावर उपाय म्हणून प्रत्येक संघ स्थानिक उत्पन्नातला 48 टक्के हिस्सा एका सामाईक निधीत घालतो आणि तो 30 संघांत समान वाटला जातो. शिवाय पगाराचा एकूण आकडा ठरावीक मर्यादेपुढे गेला, 2026 साठी ती 24.4 कोटी डॉलर आहे, तर वरच्या रकमेवर कर लागतो. तो डॉजर्स आणि न्यू यॉर्कचा दुसरा संघ मेट्स मुकाट्याने भरतात.

सॅलरी कॅपने हे सुटेल असे मला वाटत नाही, आणि ते मी स्पष्ट सांगतो. मालकांनी 1994 मध्ये कॅपचा हट्ट धरला, खेळाडूंनी 12 ऑगस्टला संप पुकारला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली आणि एप्रिल 1995 मध्ये संप मिटला तेव्हाही कॅप आलेली नव्हतीच. त्या हंगामात सर्वांत पुढे होता माँट्रियल एक्स्पोज हा लहान संघ, आणि संपाने सर्वाधिक वाटोळे त्याचेच झाले. कॅपमुळे डॉजर्सचा वाचलेला पैसा आमच्याकडे येणार नाही, तो डॉजर्सच्या मालकांकडेच राहील.

गरज आहे ती खालच्या मर्यादेची, म्हणजे इतका पैसा खेळाडूंवर खर्च केलाच पाहिजे या अटीची. वाटणीतून मिळालेला पैसा संघाची कामगिरी सुधारण्यासाठी वापरावा असे करारात लिहिलेले असूनही, तो तसा वापरला जात नसल्याची तक्रार खेळाडू संघटनेने 2018 मध्ये चार संघांविरुद्ध केली होती, आणि त्या चारांत पायरेट्सही होते. भाऊजींना हे मी स्वतः सांगितले, कारण माझ्या बाजूच्या विरुद्ध जाणारी गोष्ट लपवणे मला योग्य वाटत नाही.

अर्थात खालची मर्यादा इतकी सोपी नाही. 2021 मध्ये मालकांनी ती देऊ केली होती, 10 कोटी डॉलरची, पण त्याबरोबरच कराची मर्यादा 18 कोटींवर उतरवण्याची अट घातली. हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार होता आणि संघटनेने तो नाकारला. त्यानंतर मालकांनी 99 दिवस टाळेबंदी करून खेळाडूंना कामाबाहेर ठेवले. त्यातून निघालेला करार 1 डिसेंबर 2026 पर्यंतचा आहे.

भाऊजी अजूनही म्हणतात की कॅप आणा आणि वाटणी बंद करा. मी त्यांना दर वेळी एकच विचारतो: अटलांटा ब्रेव्ह्जसारखा एखादा अपवाद सोडला, जो शेअर बाजारामुळे हिशेब जाहीर करतो, तर बाकीचे मालक आपल्या वह्या उघडत का नाहीत? याचे उत्तर मला त्यांच्याकडून अजून मिळालेले नाही.