ओडिशात ४२४ कोटी वर्षांचा दगड सापडला, तर तो जगातला सर्वात जुना खडक का नाही? आणि आमच्या साताऱ्यातल्या दगडाचं वय काढता येईल का?

दगड ४२४ कोटींचा नाही. दगडातला एक दाणा ४२४ कोटींचा आहे. २०१८ साली ती बातमी आली तेव्हापासून हेच सांगतोय, तुम्हालाही सांगतो.

केओंझार जिल्ह्यातल्या चंपुआजवळचा तो खडक टोनलाइट (ग्रॅनाइटचा भाऊ) जातीचा नाईस, म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक आहे, सिंगभूम क्रेटन या कवचाच्या प्राचीन तुकड्याचा भाग. तो थिजला साधारण ३४० कोटी वर्षांपूर्वी. त्याच्या शिलारसाने वर येताना आधीच्या कुठल्या तरी कवचातले झिरकॉन सोबत उचलले (हे टिकाऊ खनिज युरेनियम धरून ठेवतं; त्या युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, त्यावरून वय काढतात) आणि त्यांत ४२४ व ४०३ कोटींचे दाणे निघाले. संशोधकांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांना परके दाणे म्हटलंय. बातम्यांत तेवढा शब्द गळला. जुन्या वाड्याचं सागवान नव्या घराला लावलं म्हणून घर काही दोनशे वर्षांचं होत नाही.

हाच नियम सगळीकडे लागतो. कॅनडातल्या अकास्ता नाईसमध्ये ४२० कोटींचा परका झिरकॉन २००६ मध्ये सापडला, तरी त्या खडकाचं वय ४०३ कोटीच धरतात. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा सर्वात जुना दाणा ४४० कोटींच्या आसपासचा, पण तो ज्या गोट्यांच्या खडकात बसलाय तो सुमारे ३०० कोटींचा. चंपुआला वेगळा न्याय लावायचं कारण नाही. त्या दाण्यांचं मोल याने कमी होत नाही, उलट त्या काळचं कवच दुसऱ्या कुठल्या रूपात जवळजवळ उरलेलंच नाही.

आता माझी दुखरी नस. खडकांची वयं काढण्याच्या आमच्या धंद्यात एक पंथ असा आहे की सर्वात जुना कॉनकॉर्डंट दाणा (ज्यात युरेनियमची दोन्ही घड्याळं सारखं वय देतात असा) शोधायचा आणि तेच खडकाचं वय म्हणून छापायचं. माझ्या एका ज्येष्ठ सहलेखकांचं आजही हेच मत आहे. त्यांचा युक्तिवाद असा: टोनलाइटचा रस तापलेला आणि झिरकोनियमला भुकेला असतो, त्यात परका झिरकॉन विरघळूनच जाईल. म्हणजे जे दाणे उरले ते त्याच रसात जन्मलेले, आणि त्यांपैकी तरुण दिसणाऱ्यांनी नंतर शिसं गमावलं. कागदावर हे बिनतोड दिसतं. पण चंपुआ आणि अकास्तातले परके दाणे विरघळले नाहीत ना! दाणा दुसऱ्या खनिजाच्या पोटात असेल किंवा रस थंड होत आल्यावर आत पडला असेल, तर तो टिकतो.

शिवाय कॉनकॉर्डंट म्हणजे शुद्ध, ही समजूत एवढ्या जुन्या खडकांत चालत नाही. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं ७०.४ कोटी. दोन्ही घड्याळांनी सारखं वय दिलं की बिंदू कॉनकॉर्डिया रेषेवर बसतो. हल्ली शिसं गेलं असेल तर बिंदू रेषेखाली घसरतो आणि लगेच पकडला जातो. पण ४०० कोटींच्या दाण्याने ३६० कोटी वर्षांपूर्वीच्या भाजणीत शिसं गमावलं असेल, तर तो ज्या मार्गाने सरकतो तो मार्ग रेषेला इतका चिकटून असतो की मोजणीच्या अनिश्चिततेत फरकच दिसत नाही. दाणा कॉनकॉर्डंट दिसतो आणि वय मात्र मधलंच कुठलं तरी, जेव्हा काहीच घडलं नव्हतं. असे दाणे ३७०, ३८०, ३९० अशा रांगेत पसरलेले दिसले की एकाही आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

याहून साधा धोका झिरकॉन वेगळे काढायला दगड दळतो त्या क्रशरमध्ये असतो. पाच ते दहा किलो ताजा दगड लागतो, कुजलेली साल घणाने उडवून. मग जॉ क्रशर, डिस्क मिल आणि ३०० मायक्रॉनची चाळणी. आधीच्या नमुन्याचा एक दाणा जबड्याच्या फटीत राहिला तरी तो तुमच्या यादीत ‘सर्वात जुना’ म्हणून अवतरू शकतो. म्हणून प्रत्येक नमुन्याआधी जबडे सुटे करून तारेचा ब्रश आणि दाबाची हवा मारायची, पहिली मूठभर भुकटी फेकायची आणि चाळणीला दर वेळी नवं नायलॉनचं कापड लावायचं. धातूची चाळणी कितीही धुतली तरी जाळीत दाणे अडकतात. एकट्या दाण्यावर मोठा दावा असेल, तर त्याच दगडाचा दुसरा तुकडा वेगळा दळून बघावा.

पुढे जड दाणे वेगळे करणारं पाण्याचं टेबल, मग जड द्रव. ब्रोमोफॉर्मची घनता २.८९, त्यात क्वार्ट्झ-फेल्डस्पार वर तरंगतात. मिथिलीन आयोडाइडची ३.३२, त्यात ॲपेटाइटही वर राहतं आणि ४.६ घनतेचा झिरकॉन तळाला जातो. दोन्ही द्रव विषारी, धूरकपाटाबाहेर बाटली उघडायची नाही. मग फ्रांट्झचा चुंबकीय विभाजक. इथे बहुतेक जण सर्वात कमी चुंबकीय, काचेसारखे दाणे निवडतात, कारण ते बरे आकडे देतात. चार-दोन दाणे विरघळवून मोजायचे असतील तर ते ठीक. पण खडकात कायकाय आहे हेच माहीत नसताना फक्त देखणे दाणे उचलणं म्हणजे उत्तर आधीच ठरवणं. मळकट, गोलसर, तडे गेलेले, सगळे माउंटवर (दाणे बसवायच्या चकतीवर) लावा.

दाणे दुहेरी टेपवर लावून इपॉक्सी ओतायची आणि हिऱ्याच्या पेस्टने सहा, तीन, एक मायक्रॉन असं घासत दाणा निम्मा उघडा करायचा. मग कॅथोडोल्युमिनेसन्सचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने दाणा चमकतो त्याचं चित्र. या चित्राशिवाय मोजलेलं वय मी वाचतही नाही. झिजलेला गाभा, त्याभोवती बारीक पट्ट्यांचं कवच, बाहेर नंतरच्या भाजणीत रूपांतरित झालेली फिकट कड: तीन वेगळ्या घटना शंभर-दीडशे मायक्रॉनच्या दाण्यात बसतात. श्रिम्प या आयनांच्या झोताने मोजणाऱ्या यंत्राचा ठिपका वीसेक मायक्रॉन रुंद, पण खोली एक-दोन मायक्रॉनच. दाणा लेझरने उडवून मोजला तर खड्डा पंधरा-वीस मायक्रॉन खोल जातो आणि खालचा थर वर आला तर मिश्र वय हाती येतं. लेझरमध्ये आणखी एक कटकट म्हणजे वायूतला पारा-२०४ हा शिसं-२०४ वर चढून बसतो, त्यामुळे शिसं-२०४ वरून करायची बाहेरून आलेल्या शिशाची दुरुस्ती डळमळीत होते.

खडकाचं वय कुठलं? ज्या दाण्यांत पट्ट्या अखंड आहेत, थोरियम-युरेनियम गुणोत्तर ०.१ च्या बरंच वर आहे आणि जे एकाच वयाभोवती गोळा होतात, त्या गटाचं. शिसं-२०७/शिसं-२०६ चं वय घ्यायचं, कारण इतक्या जुन्या दाण्यात हल्लीच्या गळतीने ते फारसं बिघडत नाही. गटापेक्षा जुना एकटा दाणा परकाच, हे मी सहलेखकांना पुन्हा सांगतो. त्यातून काय शिकायचं ते हाफ्नियम आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून शिका. थोरियम-युरेनियमची रेषा पक्की नाही हेही खरं, काही रूपांतरित झिरकॉन ०.१ च्या वर सापडतात. चित्र आधी, गुणोत्तर नंतर.

साताऱ्याचं म्हणाल तर तुमचा काळा कातळ दख्खनचा बेसाल्ट, वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. या रसात झिरकॉन सहसा तयारच होत नाही, म्हणून वय प्लॅजिओक्लेज या खनिजावर आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने काढतात किंवा लाव्हाच्या दोन थरांमधल्या लाल मातीत पडलेल्या ज्वालामुखीच्या राखेतून झिरकॉन वेचून. तुमच्या एका दगडासाठी कोणी प्रयोगशाळा हे करणार नाही, आणि करून नवं काही कळणारही नाही. जुनं कवच आहे, पण खाली: किल्लारीच्या बोअरमध्ये ३३८ मीटर बेसाल्ट संपल्यावर खाली नाईस लागला. उघड्यावर बघायचा तर गोव्याच्या सीमेवरच्या अनमोड घाटात जा. तिथल्या ट्रॉन्जेमाइट (टोनलाइटचा फिकट भाऊ) नाईसचं वय १९८७ साली रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने ३४० कोटी, अधिक-उणे १४ कोटी असं आलं होतं. हा आकडा ‘गोव्याचं अचूक वय’ म्हणून फिरतो, तो तसा फिरू नये. अख्खा दगड दळून काढलेलं वय आहे ते, आणि भाजणीत, गरम पाण्यात रुबिडियम जागा सोडतं.

पण अख्ख्या दगडाच्या पद्धती टाकाऊ आहेत असंही नाही. क्युबेकमधल्या नुव्वुआगिट्टुकच्या काळ्या खडकांत जन्मजात झिरकॉन नाहीत, तिथे समेरियम-निओडिमियम या अख्ख्या दगडाच्या घड्याळाशिवाय गत्यंतर नव्हतं. २००८ मध्ये ४२८ कोटींचा दावा आला आणि त्यावर भांडण जुंपलं. २०२५ मध्ये त्यांच्यात घुसलेल्या, गॅब्रो या अग्निजन्य खडकापासून बनलेल्या खडकांवर समेरियमच्या दोन वेगळ्या घड्याळांनी सुमारे ४१६ कोटी दाखवले. दोन घड्याळं जुळली हे वजनदार आहे. तरी दुसऱ्या प्रयोगशाळेने नवे नमुने उचलून तेच वय काढेपर्यंत माझ्या यादीत पहिलं नाव अकास्ताचंच राहील.