लिपो बॅटरी रात्री चार्जिंगला लावून झोपलं तर चालतं का?

नाही चालत. तुम्ही विचारलंय की ड्रोनच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या रात्री खोलीत चार्जिंगला लावून झोपलं तर चालेल का, आणि चार्जर कोणता घ्यावा. चार्जर कितीही महागाचा घ्या, तो चालू आहे तोवर माणूस जागा आणि जवळ पाहिजे. बॅलन्स लीड (प्रत्येक सेल सारखा भरावा म्हणून चार्जरला जोडायच्या बारीक तारा) लावणं, १सीच्या, म्हणजे तासाभरात बॅटरी भरेल एवढ्या करंटच्या, वर न जाणं हे माहीत असेलच.

मी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीचा ड्रोन चालवतो, थोरले भाऊ भागीदार आहेत. बॅटऱ्या ६एस, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या सहा सेलच्या, १६००० एमएएचच्या. १६ अँपिअरने लावल्या तरी तासभर जातो, आणि हंगामात शेतकरी बांधावर खोळंबलेला असतो, म्हणून भाऊंना कायम घाई. तुरीवर अळीची फवारणी चालू असताना ड्रोन उतरता उतरता कलंडला आणि एका बॅटरीचा कोपरा चेपला. फुगलेली नव्हती, सहाही सेलचं व्होल्टेज सारखं. भाऊ म्हणाले, "आकडे बरोबर आहेत ना? मग लाव." कुठे, तर मधल्या खोलीत, जिथे भाव वाढेल म्हणून कापूस आढ्यापर्यंत रचलेला! मी म्हटलं, ही बॅटरी बाद, चार्ज करायचीच नाही. ते ऐकेनात. शेवटी अंगणात, भिंतीपासून लांब, विटांवर ठेवायला लावली.

आधी गोडसर वास आला. मग एका बाजूने ती तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म झाली, फस्स करून पांढरा धूर, आणि लगेच जाळ. एक सेल पेटला की शेजारचा तापतो, मग तोही पेटतो. सहाच्या सहा गेले. वाळू टाकली, पण वाळूने असा जाळ लगेच विझत नाही, फक्त पसरत नाही. तो धूर विषारी असतो, त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतं. तो कापसाच्या खोलीत कोंडला असता तर काय झालं असतं हे मला अजून बोलवत नाही.

भाऊ आजही चारचौघांत सांगतात की मालच खराब होता. भाऊ, माल खराब नव्हता. मार बसला की आतला पातळ पडदा फाटू शकतो, आणि चार्जिंग सुरू होईपर्यंत व्होल्टेज बरोबर दिसत राहतं. पडलेली, चेपलेली, फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, विषय संपला. आणि हंगाम संपल्यावर फुल करून ठेवायची तुमची सवयही चूक आहे. दर सेलला ३.८ ते ३.८५ व्होल्टवर ठेवायच्या असतात, नाहीतर पडल्या पडल्या फुगतात.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाल्कनीतल्या फरशीवर लावा, पडदे आणि वाळत घातलेले कपडे बाजूला करून. लिपो बॅगेच्या (बॅटरी ठेवायच्या आगरोधक पिशवीच्या) भरवशावर मोठा पॅक सोडून जाऊ नका. उडवून आणलेली गरम बॅटरी आधी निवू द्या. फोटोच्या ड्रोनमधल्या बॅटऱ्यांत स्वतःचा सर्किट बोर्ड असतो, त्यांचा धोका कमी, हे मान्य. तरी गादीवर नको. बाद झालेली मिठाच्या पाण्यात बुडवून कचऱ्यात टाकू नका, टर्मिनल गंजतात आणि आत चार्ज राहू शकतो. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

चार्जर म्हणाल तर प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं दाखवणारा कुठलाही बॅलन्स चार्जर चालेल.