चालणं वेगळं, चळणं वेगळं

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका फोटोग्राफरनी विचारलंय, लग्नाच्या अल्बमबरोबर आता सिनेमाग्राफ पण देतोय, म्हणजे अख्खा फोटो स्थिर आणि त्यातली नवरीची बट नाहीतर समईची ज्योत तेवढी हलत राहते, थांबतच नाही, तर याला मराठीत 'हलता फोटो' म्हटलं तर चालेल का, आणि सिनेमाग्राफ 'तो' की 'ते'?

नाही चालणार. हे 'हलता फोटो' जिकडंतिकडं ऐकून कान किटले. अहो, तुमच्याच धंद्यात "फोटो हलला" म्हणजे काय? वाया गेला! गिऱ्हाईक तोंडावर फेकून पैसे परत मागतंय. जो फोटो हलू नये म्हणून तुम्ही ट्रायपॉड लावता, श्वास रोखून बसता, त्यालाच हलता म्हणायचं? आणि 'जीआयएफ' म्हणणारे तर त्याहून वाईट, जीआयएफ हा 1987 पासूनचा फाईलचा प्रकार आहे, 256 रंगांत बसवलेला, त्यात सिनेमाग्राफ भरता येतो तसा नाचणारा उंदीर पण भरता येतो. डब्यालाच भाजी म्हणायचं झालं हे.

'चलच्चित्र' सुचवणारे विद्वान येतीलच. ते म्हणजे सिनेमाच की, त्यात सगळंच हलतं. मूळ इंग्रजी शब्द तरी कुठं नेमका आहे? जेमी बेक आणि केव्हिन बर्ग या अमेरिकन जोडीनं 2011 च्या सुमारास तो काढला, ग्रीक 'किनेमा' म्हणजे हालचाल आणि 'ग्राफ' म्हणजे लिहिणं, दोन्ही जोडून हालचाल लिहिणारं एवढंच होतं. बाकी सगळं गोठलेलं आहे ही खरी गंमत त्यात कुठंच नाही. मग त्याचं भाषांतर कशाला करत बसायचं.

माझा शब्द आहे चाळाचित्र. आता का ते सांगतो, थोडं प्राकृतात शिरावं लागंल.

संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत येताना ळ होतो आणि प्राकृतातला जोड ल्ल असेल तर त्याचा साधा ल राहतो. फल चं फळ झालं, पण फुल्ल चं फूल. वेला ची वेळ, वल्ली ची वेल. काल चा काळ, पण कल्य, कल्ल करत आलेला तो काल, म्हणजे कालचा दिवस. किती सुंदर नियम आहे बघा, एका टिंबाएवढ्या फरकानं फूल आणि फळ वेगळं पडलं! आता हाच नियम चल् या धातूला लावा. प्राकृतात चल्लइ असं जोड ल्ल चं रूप होतं, त्यातून आलं चालणं. आणि एकट्या ल मधून आलं चळणं. बाप एक, पोरं दोन, आणि दोघांनी वाटणी कशी करून घेतली बघा. चालणं म्हणजे पुढं जाणं, माणूस चालतो, पिक्चर चालतो, खटला चालतो. चळणं म्हणजे जागच्या जागी हलणं. माणूस चळचळा कापतो, तो कापत कापत गंगावेशीला पोचत नाही, जागेवरच असतो. चाळणीतलं पीठ चाळतो, हात तिथल्या तिथंच. नाचणारणीच्या पायातले चाळ मी ह्याच घरातले धरतो. आणि चाळा! बसल्या बसल्या म्हातारी वाटाणे सोलते, "तेवढाच हाताला चाळा" म्हणते. बाकी सगळी म्हातारी स्थिर, नजर टीव्हीवर, फक्त बोटं चालू. राव, हा सिनेमाग्राफच झाला की!

व्याकरणवाले म्हणतात ल-ळ हा नुसता उच्चाराचा बदल, त्याचा अर्थाशी काय संबंध नाही. उच्चारातनं सुरू झाला हे मलाही मान्य, पण दोन रूपं हाताशी आल्यावर लोकांनी कामं वाटून दिली, भाषा तशीच चालते, आणि हे ज्याला दिसत नाही त्यानं कोश नुसता चाळलाय, वाचलेला नाही.

दुसरा आक्षेप मला माहीत आहे, चाळा म्हणजे वाईट. हा पेपरवाल्यांचा प्रताप, 'अश्लील चाळे' लिहून लिहून शब्द नासवला. पण बघा, तिथं नेहमी अनेकवचन असतं. चाळे वाईट, चाळा निरागस. पोराला पेन टकटक करायचा चाळा असतो, त्यात काय अश्लील आहे?

आणि जुना शब्द नव्या कामाला लावायला लाजायचं कारण नाही. 'चित्रपट' शब्दाचं श्रेय सावरकरांना देतात, सिनेमासाठी तो त्यांनी रुजवला म्हणा, पण घडवला म्हणू नका, संस्कृतात तो रंगवलेलं कापड या अर्थी आधीपासून आहे. आपल्या बाबूराव पेंटरांचंच बघा, आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले आणि मग 1920 ला 'सैरंध्री' हा मूकपट काढला. रंगवलेल्या पटापासून पडद्यावरच्या चित्रपटापर्यंत शब्दाचा सगळा प्रवास एका कोल्हापूरकरानं एका जन्मात केला, कोल्हापुरात खरी कॉर्नरला त्यांच्या आठवणीसाठी उभारलेला कॅमेरा दिसला की मला दर वेळी हेच आठवतं.

तर तुम्ही गुऱ्हाळावर जावा, ट्रायपॉड ठोका, रस उकळत्या काहिलीचा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, एक फ्रेम गोठवा. गुळव्या स्थिर, हातातलं फावडं स्थिर, मास्क करून, म्हणजे गोठलेल्या फ्रेमला तेवढीच खिडकी पाडून, वाफ तेवढी मोकळी सोडा. शेवटची फ्रेम पहिलीला मिळते तिथं झटका दिसला तर सगळं वाया, त्या जोडाला लूप पॉइंट काय म्हणताय, तबलजीला विचारा, सम म्हणा, तालाचं आवर्तन फिरून जिथं परत सुरू होतं ती जागा. वाफ समेवर आली पाहिजे.

आणि तो की ते म्हणाल तर चाळाचित्र म्हटल्यावर ते चाळाचित्र, प्रश्नच मिटला.