उत्तर: केवळ पेलेटवर वाढलेला बेअर्डेड ड्रॅगन आणि पाण्याचा हिशोब

आपण लिहिले आहे की दीड वर्षाचा आपला बेअर्डेड ड्रॅगन हा पाळीव सरडा पालेभाजीकडे ढुंकूनही पाहत नाही, रंगीत पेलेट (तयार मिळणाऱ्या कोरड्या खाद्यगोळ्या) तेवढे वेचून खातो, हल्ली त्याच्या विष्ठेतील पांढरा भाग पिवळट आणि कडक होऊ लागला आहे, आणि विक्रेत्याने ‘हा संपूर्ण आहार आहे, वर कॅल्शियमची पूड टाकत राहा’ असे सांगून आपली बोळवण केली आहे. हे वर्णन वाचताना माझ्याकडील ड्रॅगनचे जुने दुखणे जसेच्या तसे समोर आले, म्हणून सविस्तर लिहितो. तापमान, यूव्हीबी दिवा (अंगात डी3 जीवनसत्त्व तयार व्हावे म्हणून लावला जाणारा अतिनील किरणांचा दिवा) आणि पेटीचा आकार आपण सांभाळत आहात असे गृहीत धरतो. मी पशुवैद्य नाही, त्यामुळे पुढील मजकूर अनुभव आणि वाचन यांच्या आधाराने लिहिलेला आहे, हे ध्यानात असू द्यावे.

पेलेटविषयीची चर्चा बहुधा जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम यांच्याभोवतीच फिरते. माझ्या मते खरा प्रश्न पाण्याचा आहे. 100 ग्रॅम पालेभाजीत साधारण 90 ग्रॅम पाणी असते, तेवढ्याच वजनाच्या रातकिड्यांत 70 ग्रॅमच्या आसपास असते, आणि कोरड्या पेलेटमध्ये जेमतेम 10 ग्रॅम. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातून आलेला हा प्राणी आपले बरेचसे पाणी खाण्यातूनच मिळवतो. वाटीतले स्थिर पाणी हे पिण्याचे पाणी आहे, हेच अनेक ड्रॅगनांच्या लक्षात येत नाही. तेव्हा ‘पेटीत पाण्याची वाटी ठेवलेली आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

याचा परिणाम प्रथम दिसतो तो युरेटमध्ये, म्हणजे विष्ठेतील त्या पांढऱ्या भागात. सरडे शरीरातील टाकाऊ नायट्रोजन प्रामुख्याने यूरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात, आणि विष्ठेसोबत येणारा पांढरा भाग म्हणजे तेच. तो पांढराशुभ्र, ओलसर आणि बोटाने दाबल्यास लोण्यासारखा पसरणारा असावा. माझ्याकडे तो आधी फिकट पिवळा झाला, नंतर केशरी कडा असलेला खडा होऊ लागला, आणि कागदावर चिरडला की वाळूसारखा करकरत असे. सस्तन प्राण्यांचे मूत्रपिंड पाणी राखून दाट मूत्र तयार करू शकते. सरड्यांच्या मूत्रपिंडाला ते साधत नाही. त्यामुळे पाणी कमी आणि प्रथिने भरपूर, असे दीर्घकाळ चालले की यूरिक आम्ल रक्तात साठते, मूत्रपिंडात आणि सांध्यांत त्याचे स्फटिक बसतात, आणि त्यालाच गाऊट म्हणतात. अनेक पेलेटमध्ये 20 टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात. वाढत्या पिल्लाला ती चालतात, पण प्रौढ ड्रॅगनच्या ताटात वनस्पतींचाच वाटा मोठा हवा.

माझे सर्वाधिक नुकसान झाले ते मात्र एका दवाखान्यामुळे. पुढच्या पायाची बोटे सुजली म्हणून ड्रॅगनला तेथे नेले असता त्याच्याकडे पाहताक्षणीच ‘कॅल्शियमची कमतरता’ असे निदान झाले, इंजेक्शन दिले गेले आणि डी3 असलेले कॅल्शियमचे द्रावण घरी देण्यास सांगितले गेले. प्रत्येक फेरीला तेच. रक्त एकदाही तपासले नाही; पेलेट भिजवून देता की कोरडे, हेही कोणी विचारले नाही. केसपेपरवर ‘आहार : योग्य’ असे लिहिलेले होते, आणि ते मला एकही प्रश्न न विचारता लिहिलेले होते, याचा राग मला आजही येतो. त्या पेलेटमध्ये डी3 आधीपासूनच घातलेले होते, म्हणजे तेच जीवनसत्त्व दोन वाटांनी पोटात जात होते. डी3 चा अतिरेक झाला तर कॅल्शियम मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्या यांसारख्या मऊ ऊतींत साठू लागते, आणि मूत्रपिंड आधीच थकलेले असेल तर त्याची किंमत मोठी असते. पुढे सरपटणाऱ्या प्राण्यांवर नियमित उपचार करणाऱ्या दुसऱ्या पशुवैद्यांनी पहिल्याच भेटीत रक्त काढले, तेव्हा यूरिक आम्ल आणि फॉस्फरस दोन्ही वाढलेले निघाले. प्राणी वाचला, पण एका पायाची बोटे कायमची ताठ राहिली.

एवढे होऊनही मी पेलेटच्या विरोधात नाही. पालेभाजी आणि कीटक यांच्या जोडीला, आठवड्याच्या एकूण खाण्यात फार तर चौथा हिस्सा, आणि तोही भिजवलेला, इतपत पेलेटला माझ्याकडे जागा आहे. हे प्रमाण माझे स्वतःचे आहे, कोणत्याही नियमातले नाही. वेष्टनावरील ‘संपूर्ण आहार’ या शब्दांना मी फारसे महत्त्व देत नाही, कारण कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी अमेरिकेतील आफ्को ही संस्था पोषणाची प्रमाणे ठरवते, तशी प्रमाणे तिने सरड्यांसाठी ठरवलेली नाहीत. शिवाय ‘सरड्यांसाठी’ या नावाखाली सगळ्यांना एकाच पाकिटात बसवणे मुळात चूक आहे: हिरवा इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे, आणि लेपर्ड गेको हलणाऱ्या भक्ष्यावर झडप घालणारा असल्यामुळे निपचित पडलेल्या गोळीकडे तो सहसा पाहतही नाही. क्रेस्टेड गेकोसाठी मिळणारी, पाण्यात कालवून द्यायची भुकटी हा मात्र उत्तम अपवाद आहे, आणि ती उपयोगी पडते याचे एक कारण ती ओली दिली जाते हेच असावे.

आता आपल्या प्राण्याविषयी. पेलेट एकदम बंद करू नयेत. कोमट पाण्यात भिजवून बोटाने सहज कुस्करले जाईपर्यंत मऊ करावेत, बारीक चिरलेल्या पाल्यात असे कालवावेत की रंगीत तुकडा उचलताना पाल्याची कातरण सोबत तोंडात जाईल, आणि दर आठवड्याला पेलेट थोडे कमी करीत जावे. ताट सकाळी, त्याचे अंग दिव्याखाली तापल्यानंतर ठेवावे आणि काही तासांनी उचलावे, कारण भिजलेले खाद्य उष्णतेत लवकर आंबते. पाला धुतल्यावर निथळू न देता तसाच ओला द्यावा. पालक रोज देऊ नये, त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतात. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवावे. ते सतत घटू लागले तर हा प्रयोग थांबवून पशुवैद्यांना विचारावे. जाता जाता एक सांगतो, पेलेटचा डबा दिव्याशेजारी ठेवू नये, उष्णतेने आणि दमटपणाने त्यातील जीवनसत्त्वे झपाट्याने घटतात.

कॅल्शियमच्या पुडीविषयी आपण विचारले आहे. कीटकांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो, त्यामुळे कीटकांवर पूड भुरभुरणे योग्यच आहे. पेलेटमध्ये डी3 असेल आणि यूव्हीबी दिवा चांगला असेल, तर ती पूड डी3 विरहित घ्यावी. मात्र युरेट कडक आणि पिवळे असताना अधिक कॅल्शियम हे त्यावरचे उत्तर ठरत नाही, म्हणून पेलेटवर वेगळी पूड टाकणे तूर्त थांबवावे आणि पशुवैद्यांकडे जाताना पेलेटचे पाकीट, पुडीचा डबा आणि ताज्या युरेटचे छायाचित्र सोबत न्यावे. यूरिक आम्ल, कॅल्शियम आणि फॉस्फरस या तीन तपासण्या आपण होऊन मागाव्यात, आणि त्या न करताच इंजेक्शन भरले जात असेल, तर नम्रपणे प्राणी उचलून दुसरीकडे जावे.