मातीआडचे घर आणि भिंतींवरची ओल

प्रश्न : आमच्या घराच्या तीन बाजूंना मातीचा भराव असून छतावर सुमारे अर्धा मीटर माती आहे. कोरड्या उन्हाळ्यात खोल्या बऱ्यापैकी थंड असतात. मात्र हवा दमट झाली की भिंतींच्या खालच्या भागाला ओल येते आणि छताखालचा उकाडा रात्रीही हटत नाही. हवा खेळती राहावी म्हणून आम्ही दिवसभर खिडक्या उघड्या ठेवतो. वातानुकूलन यंत्र न बसवता काय करता येईल?

उत्तर : सर्वप्रथम दिवसा खिडक्या उघड्या ठेवणे थांबवावे. बाहेर तापमान ३२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानापर्यंत निवल्यावर हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे २६ अंश असतो. अशी हवा २५ अंशांच्या भिंतीला लागली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होणारच. उलट ४० अंशांच्या पण केवळ २० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १३ अंशांच्या आसपास असतो, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात आपल्याला हा त्रास जाणवत नाही.

तरीही ओल हवेतली की मातीतून झिरपणारी, याची खात्री करून घ्यावी. वीतभर ॲल्युमिनियम फॉइल भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावी आणि एक-दोन दिवसांनी काढून पाहावी. खोलीकडची बाजू ओली असेल तर दोष हवेचा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर बाहेरचा जलरोधक थर किंवा निचरा बिघडला आहे आणि मग खिडक्या कितीही मिटल्या तरी उपयोग नाही.

दोष हवेचा ठरल्यास, बाहेरचा दवबिंदू भिंतीच्या तापमानाखाली उतरेल तेव्हाच, बहुधा रात्री, खिडक्या उघडाव्यात. पावसाळी दिवसांत मात्र रात्रीचा दवबिंदूही दिवसाइतकाच राहतो. तेव्हा लहान आर्द्रताशोषक यंत्र वापरण्यात कमीपणा मानू नये. कपाटे भिंतीपासून थोडी दूर सरकवावीत. ओल झाकण्यासाठी भिंतीला आतून थर्माकोल लावण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच ऐकू नये, कारण घरातील उष्णता मातीत जाण्याची वाटच त्याने बंद होते.

आता छताविषयी. अर्धा मीटर मातीत दिवस-रात्रीचा चढउतार जवळजवळ जिरून जातो, त्यामुळे तुमचा उकाडा त्या दिवशीच्या उन्हाचा नसून कित्येक आठवडे तापत आलेल्या मातीचा आहे. अडीच मीटर खोलीवर ऋतूंनुसार होणाऱ्या तापमानबदलाची लाट साधारण दोन महिने उशिरा आणि बरीच मंदावून पोहोचते, आणि आणखी खाली जमीन त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरी तापमानाजवळ स्थिरावते. ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी येथे खडकात कोरलेली घरे बाहेर ४० अंशांहून अधिक ऊन असतानाही सुखद राहतात, ती जाड खडक आणि कोरडी हवा या दोहोंमुळे. अर्ध्या मीटर मातीकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही.

म्हणून या मातीवर ऊन पडूच देऊ नये. दाट पसरणारी झुडपे किंवा खडीचा जाड थर, आणि जलरोधक थर निर्दोष असल्यास संध्याकाळी बेताचे पाणी, यांनी मातीचा पृष्ठभाग पुष्कळ निवतो. परिणाम दिसायला काही आठवडे लागतील. पुढे कधी छत उकरलेच, तर जलरोधक थरावर उष्णतारोधक थर घालून तो भिंतींच्या पलीकडे भरावातही काही अंतर न्यावा. नुसती माती वाढवण्याचा मोह टाळावा; ओल्या मातीचा १० सेंटीमीटरचा थर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार टाकतो, आणि छत तेवढा पेलते की नाही हे केवळ संरचना अभियंताच सांगू शकतो.

प्रश्न : जमिनीत नळी पुरून तिच्यातून थंड हवा घरात आणावी का?

उत्तर : कोरड्या हवामानात जरूर विचार करावा. दमट हवेत मात्र नळीच्या आतच पाणी सुटते; तिला एकसारखा उतार, शेवटी निचऱ्याची सोय, तोंडाशी जाळी आणि आतून धुता येईल अशी रचना नसेल, तर काही काळाने घरात गारव्याबरोबर बुरशीचा वासही येऊ लागतो.