माझ्या एकटीसाठी वेगळं कशाला?

"मॅडम, सकाळी डबे भरता भरता जीव जातो. त्यात माझा डायबेटिसचा वेगळा नाश्ता कधी करू?" मधुमेहाच्या समुपदेशनाला येणाऱ्या बायकांकडून हा प्रश्न मी जवळजवळ रोज ऐकते. प्रत्येक वेळी मला डोंबिवलीच्या एक ताई आठवतात.

वय ४७, नोकरी दादरला, गाडी ८.१२ ची. घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ८.४ आली होती. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. पहिल्या भेटीत मी त्यांना आहाराचा छापील तक्ता दिला. त्यात ओट्स होते, उकडलेली अंडी होती. घरात अंडं चालतं का, हे मी विचारलंच नव्हतं. पंधरा दिवसांनी तक्ता घडीसुद्धा न मोडता परत आला. चूक माझी होती. मी तो बाजूला ठेवला आणि म्हटलं, "ताई, कालची सकाळ सांगा. उठल्यापासून."

साडेपाचला दोन चमचे साखरेचा चहा आणि तीन मारी बिस्किटं. ("मारी चालतात ना?" नाही हो, तीही मैदा आणि साखरच.) मग पोळ्या, भाजी, तीन डबे. सातला सगळ्यांसाठी पोहे किंवा उपमा. स्वतः मात्र ओट्याशी उभ्यानेच, कढईत उरलं असेल तेवढं. काही उरलं नाही तर तशाच. साडेसातला शुगरची गोळी आणि पळत स्टेशन. मग थेट साडेदहाला ऑफिसात इडली नाहीतर वडापाव.

"गाडीत कसं वाटतं?"

"कधी कधी हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो. शुगर वाढते ना तेव्हा. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणखी कमी खाते."

मी लिहायची थांबले. त्यांच्या गोळीत ग्लिमेपिराइड होतं. हे औषध शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर ७० च्या खाली जाऊ शकते, आणि थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याचीच लक्षणं. ताईंना वाटत होतं साखर वाढतेय. बहुधा ती घसरत होती, आणि त्या आणखी उपाशी राहत होत्या!

गोळी बदलणं माझ्या अधिकारात नाही. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तोवर दोनच गोष्टी सांगितल्या. गोळी घेतली की वेळेवर खायचंच. आणि पर्समध्ये तीन छोटे चमचे साखरेची पुडी ठेवायची. थरथरायला लागलं की जमल्यास ग्लुकोमीटरवर आकडा बघायचा, साखर तोंडात टाकायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि बरं वाटल्यावर काहीतरी खायचं.

मग नाश्त्याकडे वळलो. सासूबाईंना कवळीमुळे मऊ भात लागतो, तो ताई वेगळा लावत होत्या. मुलाला भाजी आवडली नाही तर पराठा वेगळा. मी विचारलं, "यांच्यासाठी वेगळं होतं, मग तुमच्यासाठी का नाही?" त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या एकटीसाठी वेगळं करायला बरं नाही वाटत हो."

वेळेची अडचण खरीच होती, पण मुख्य अडचण ही होती. एका भेटीत जन्माची सवय मोडत नाही. मी म्हटलं, "मग वेगळं नकाच करू. सगळ्या घराचाच नाश्ता बदलू या."

सुरुवात मुगाच्या धिरड्यांनी केली. सालाची मूगडाळ संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या भिजत घालायची, चौघांना दीड वाटी पुरते. झोपण्याआधी आलं, मिरची, जिरं घालून मिक्सरमधून जाडसर वाटून फ्रीजमध्ये. सकाळी त्यात किसलेला दुधी, कोथिंबीर, हळद, मीठ. दुधीला पाणी सुटतं, म्हणून तो अगदी शेवटी घालायचा. नाहीतर धिरडं तव्याला चिकटतं आणि सगळी सकाळ बिघडते. बिडाचा तवा चांगला तापला की पळीभर पीठ, कडेने अर्धा चमचा तेल, वर झाकण. कडा सुटल्या की उलटायचं. शेजारच्या शेगडीवर पोळ्या चालूच असतात. दोन धिरडी आणि वाटीभर बिनसाखरेचं दही, की ताईंचा नाश्ता झाला. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

पोहे मी बंद केले नाहीत. पोहे सोडा म्हटलं की माणूस आठवडाभर सोडतो आणि आठव्या दिवशी दोन बश्या खातो. ताईंच्या बशीत मूठभर पोहे आणि त्याच्या दुप्पट मोड आलेले मूग, मटार, वर दाणे. नाचणीबद्दलही बोलावं लागलं, कारण नाचणीने साखर वाढतच नाही असं सासूबाईंचं ठाम मत होतं. धान्य चांगलंच आहे, पण बारीक पिठाची पातळ पेज पटकन पचते आणि साखर चढवते. त्याच पिठाची भाकरी उसळीबरोबर खाल्ली तर बरी.

माझं ऐकून पटलं असतंच असं नाही. म्हणून मी त्यांना स्वतःच मोजायला सांगितलं: पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी. नुसत्या पोह्यांच्या दिवशी २३६, धिरड्यांच्या दिवशी १६८. ऑफिसातूनच त्यांचा फोन आला, "मॅडम, भूकही नाही लागली अजून!" पहाटे शरीरातल्या काही संप्रेरकांमुळे यकृत साखर सोडतं आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. त्यावर नुसते पोहे, ब्रेड किंवा बिस्किटं पडली की आकडा चढतो.

डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला आणि ती नाश्त्याच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायला सांगितली. गाडीतली थरथर थांबली. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.३ आलं. चहातली साखर अजून अर्ध्या चमच्यावर अडलीये, त्यावर आमचं काम चालू आहे.

आता रात्री डाळ वाटायला सासूबाई बसतात. मुलाने बाल्कनीतलं लाकडी स्टूल पुसून ओट्याजवळ आणून ठेवलंय. सात वाजून दहा मिनिटांनी ताई त्यावर बसून खातात, आणि तेवढा वेळ तवा नवऱ्याकडे असतो. त्याची धिरडी अजून तुटतात म्हणे.